गाउट आणि इंदूरचे मराठी ताट : काय ठरले, काय ठरायचे आहे

इंदूरच्या मराठी घरांत अलीकडे एक गोष्ट वारंवार घडताना दिसते. वार्षिक तपासणीच्या कागदावर युरिक ॲसिडचा आकडा सात, साडेसात किंवा आठ असा ठळक अक्षरांत छापून येतो आणि दुसऱ्या दिवसापासून घरातले वरण बंद होते. पालक, फ्लॉवर, मटार बंद होतात. टोमॅटोच्या बिया काढून टाकल्या जातात. राजमा आणि छोले यांचे नावही निघत नाही. रविवार सकाळची पोहे-जिलबी मात्र चालू राहते, कारण ‘युरिक वाढलंय तर काय खाऊ नये’ या यादीत जिलबी नसते. शाकाहारी घरात डाळी गेल्या की प्रथिनांचा मुख्य आधारच जातो. त्यात घरातली व्यक्ती साठीच्या पुढची असेल तर तिची ताकद कमी होत जाते आणि तिला उगाचच पथ्याचे ओझे सोसावे लागते. म्हणून गाउट असताना घरी काय शिजवावे, या प्रश्नाचा आज कुठवर उलगडा झाला आहे, कोणाचे म्हणणे काय आहे आणि कुठे अजून एकमत नाही, हे एकदा नीट मांडून पाहणे गरजेचे वाटते.

आजाराची ओळख

युरिक ॲसिड शरीरात रोज तयार होते आणि रोज बाहेर टाकले जाते. पेशींच्या केंद्रकात प्युरीन नावाची द्रव्ये असतात. जुन्या पेशी मोडल्या की त्यांतून प्युरीन सुटते, खाल्लेल्या अन्नातूनही येते आणि त्याचे शेवटी युरिक ॲसिड बनते. ढोबळ हिशेब असा की यातला दोन-तृतीयांश वाटा आपल्या स्वतःच्या पेशींचा आणि एक-तृतीयांश अन्नाचा. बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडे करतात, उरलेले आतडी. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे युरिक ॲसिड आणखी फोडणारे विकर असते, माणसात ते नाही. रक्तातले प्रमाण डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की ते विरघळून राहू शकत नाही आणि त्याच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू लागतात. त्यांच्याविरुद्ध शरीराची संरक्षणयंत्रणा चवताळून उठते तेव्हा रात्रीतून पायाचा अंगठा सुजतो, लाल होतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही.

बहुतेक रुग्णांत खोट युरिक ॲसिड तयार होण्यात नसून ते बाहेर टाकण्यात असते. आहाराच्या चर्चेत हा मुद्दा नेहमी मागे पडतो आणि पुढचे बरेच मतभेद त्यातूनच उभे राहतात.

हे ज्ञान हाती यायला बराच काळ लागला. लेवनहूक या डच संशोधकाने १६७९ मध्ये सांध्यावरच्या गाठीतला पांढरा पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याला ते सुईसारखे कण दिसले. ते काय आहेत हे मात्र त्याला कळणे शक्य नव्हते. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये मूतखड्यातून युरिक ॲसिड वेगळे केले. लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ मध्ये गाउटच्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले असते हे दाखवले. सांध्यातल्या पाण्यात स्फटिक ओळखून निदान पक्के करण्याची रीत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये घालून दिली. आजही तेच खात्रीचे निदान मानले जाते. रक्तातला आकडा एकटा पुरेसा नाही. ऐन दुखण्यात तो सामान्यही येऊ शकतो. उलट, आकडा वाढलेला असूनही आयुष्यभर काहीच त्रास न होणारी माणसे पुष्कळ आहेत. डेसिलिटरला ९ मिलिग्रॅमच्या वर असलेल्यांतही पाच वर्षांत पाचातल्या एकालाच गाउट झाल्याचे आढळले आहे. ज्या घरात साडेसात आकड्यावर वरण बंद झाले, तिथे आजार आहे की नाही हेच बहुधा अजून ठरलेले नसते. गुडघेदुखी, टाचदुखी आणि बोटांचा आखडलेपणा यांची कारणे वेगळी असू शकतात.

हा आजार आपल्याकडे किती आहे? पुण्याजवळच्या भिगवण गावात १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने सांधेदुखीची घरोघर पाहणी झाली. त्यात गाउट हजारी एकाच्या आसपास निघाला. अमेरिकेत हेच प्रमाण प्रौढांमध्ये शेकडा चारच्या जवळ आहे. भिगवणची पाहणी ग्रामीण भागातली आणि तीन दशकांपूर्वीची आहे. शहरी आहार, वाढलेले वजन, मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडांचे आजार आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, ही सगळी कारणे तेव्हापासून वाढली आहेत, त्यामुळे आजचे चित्र वेगळे असणार.

प्युरीनची यादी कुठून आली

काय खावे नि काय खाऊ नये याची यादी ही औषधे नव्हती त्या काळाची देणगी आहे. युरिक ॲसिड उतरवणारे ॲलोप्युरिनॉल १९६६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते घडवणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना पुढे १९८८ चे नोबेल मिळाले. त्याआधी बराच काळ डॉक्टरांच्या हाती मुख्यतः दुखणे शमवणारे कॉल्चिसिन आणि पथ्य होते. अन्नातले प्युरीन मोजता येऊ लागले, तक्ते तयार झाले आणि ‘जास्त प्युरीन म्हणजे वर्ज्य’ असा सरळ नियम बसला.

या मताचा आधार खोटा नाही. कोंबडीच्या यकृतात शंभर ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक प्युरीन असते, दूध आणि अंडे यांत जवळजवळ नसतेच. जपानी मार्गदर्शक तत्त्वांनी दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. अन्नामुळे दुखणे उसळते याचाही पुरावा आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गाउटच्या ६३३ रुग्णांनी दुखण्याआधीच्या दोन दिवसांत काय खाल्ले आणि बरे असताना काय खाल्ले याची तुलना केली गेली. सर्वांत कमी प्युरीन खाल्लेल्या वेळेच्या तुलनेत सर्वांत जास्त खाल्लेल्या वेळी दुखणे उसळण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. लग्नाच्या पंगतीनंतर अंगठा सुजला असे सांगणाऱ्या माणसाचे म्हणणे अशा वेळी झटकून टाकता येत नाही.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. प्राणिज प्युरीनमुळे शक्यता सुमारे अडीचपट वाढली, वनस्पतिज प्युरीनमुळे दीडपटीहूनही कमी. दोन्हींना यादीत एकाच ओळीत बसवता येत नाही. शिवाय प्युरीन अगदी काटेकोर टाळले तरी रक्तातला आकडा साधारण एका मिलिग्रॅमनेच उतरतो. नऊचा आठ होतो, पण उपचाराचे लक्ष्य असलेल्या सहाच्या खाली येत नाही.

२००४ नंतरचे वळण

हार्वर्डमधील ह्योन चोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दंतवैद्य, औषधविक्रेते, पशुवैद्य अशा ४७,१५० अमेरिकी पुरुषांचा आहार बारा वर्षे नोंदवला गेला आणि त्यांतल्या ७३० जणांना नव्याने गाउट झाला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत धोका चाळीस ते पन्नास टक्क्यांनी जास्त होता. दूध आणि दुग्धजन्य पदार्थ भरपूर घेणाऱ्यांत तो जवळजवळ निम्मा होता. ज्यांच्यावर सर्वांत जास्त बंदी घातली गेली होती त्या डाळी, मटार, पालक, फ्लॉवर, मशरूम यांचा मात्र धोक्याशी संबंध आढळलाच नाही.

त्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. बिअर सर्वांत घातक ठरली, कारण तिच्यात प्युरीनही असते आणि मद्य युरिक ॲसिडचा निचराही अडवते. २००८ मध्ये साखरयुक्त शीतपेयांची पाळी आली. दिवसातून दोन किंवा अधिक वेळा ती पिणाऱ्या पुरुषांत धोका ८५ टक्क्यांनी जास्त होता. साखरेत एकही ग्रॅम प्युरीन नाही, मग हे कसे? साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोजचा असतो. यकृतात फ्रुक्टोजवर प्रक्रिया होताना पेशीतला ऊर्जेचा साठा भराभर खर्च होतो आणि त्या खर्चातून युरिक ॲसिड बनते. जुन्या यादीत जिलबीला जागा नव्हती, कारण ती यादी फक्त प्युरीन मोजत होती.

या वळणावरच्या संशोधकांचे म्हणणे असे की एकेक पदार्थ मोजण्यापेक्षा ताट एकूण कसे आहे ते पाहा. भाज्या, फळे, धान्ये, साय काढलेले दूध जास्त आणि मीठ, साखर, मांस कमी असा रक्तदाबासाठी बनवलेला ‘डॅश’ नावाचा आहार आहे. त्याने एका चाचणीत सुरुवातीला आकडा सात किंवा अधिक असलेल्यांचे युरिक ॲसिड सरासरी १.३ मिलिग्रॅमने उतरले. पथ्याच्या जुन्या यादीने जेवढे साधत होते, त्याहून हे कमी नाही आणि त्यात डाळीवर बंदी नाही. वजन साडेचार किलोंनी कमी केलेल्यांतही गाउटचा धोका बराच घटल्याचे चोई यांच्या त्याच अमेरिकी पाहणीत दिसले.

सिंगापूरमधल्या चिनी लोकांच्या मोठ्या पाहणीने २०१५ मध्ये आणखी एक पायरी गाठली. तिथे सोयाबीन आणि इतर कडधान्ये जास्त खाणाऱ्यांत गाउट कमी आढळला. कोंबडी आणि मासे जास्त खाणाऱ्यांत जास्त.

औषध आधी, ताट नंतर?

तिसरे मत सांगते की ही सगळी चर्चा चुकीचे टोक धरून चालली आहे. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सोळा हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास आला. रक्तातल्या युरिक ॲसिडमध्ये माणसामाणसांत जो फरक असतो त्यातला सुमारे २४ टक्के भाग आनुवंशिकतेने समजावता येतो, आहारपद्धतीने मात्र ०.३ टक्क्याहूनही कमी, असा त्याचा निष्कर्ष होता. मूत्रपिंड युरिक ॲसिड किती बाहेर टाकते हे ठरवणारी जनुकेच मुख्यतः बोलतात. मग रुग्णाला ‘तुझ्या खाण्यामुळे झालं’ असे म्हणणे अन्यायाचे आहे, असे या मताचे लोक आग्रहाने सांगतात आणि ते ऐकायलाच हवे. गाउट म्हणजे खादाडाचा रोग, या समजुतीने कित्येक रुग्ण डॉक्टरकडे जायलाच लाजतात.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटले की विशिष्ट आहाराने दुखणे थांबते किंवा युरिक ॲसिड उतरते असा पुरेसा पुरावा नाही. रुग्णाने सर्वसाधारण समतोल आहार घ्यावा. भर औषधावर आहे. ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट हळूहळू वाढवत आकडा सहाच्या खाली आणायचा आणि तिथेच ठेवायचा. नॉटिंगहॅममध्ये ५१७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्रशिक्षित परिचारिकांनी रुग्णांना आजार समजावून सांगितला आणि औषधाची मात्रा सांभाळली. दोन वर्षांनी त्यांच्यातले ९५ टक्के रुग्ण लक्ष्याला पोचले होते, नेहमीच्या उपचारात फक्त ३० टक्के. समजावून सांगणे आणि मात्रेची देखरेख यांच्या जोडीत किती ताकद असते याचा इतका ठोस पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो.

याही गोटात एकवाक्यता नाही. अमेरिकेतली संधिवाततज्ज्ञांची संघटना आकडा गाठण्याचा आग्रह धरते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या शिफारशींत मात्र आकड्यामागे लागण्यापेक्षा दुखणे थांबते का ते पाहा, असा सावध सूर लावला. त्रास नसताना केवळ आकडा वाढला म्हणून औषध द्यावे का, यावरही अमेरिका आणि जपान यांचे उत्तर सारखे नाही.

आनुवंशिकतेच्या आकड्यावर आक्षेपही आहेत आणि ते मला वजनदार वाटतात. ०.३ टक्के हा सबंध लोकसंख्येतल्या फरकाचा हिशेब आहे. रोज दोन बाटल्या बिअर पिणाऱ्या एका माणसाने ती सोडली तर त्याच्या सांध्याचे काय होईल, याचे उत्तर त्या आकड्यात नाही. शिवाय गाउटच्या रुग्णाला मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांची सोबत बहुधा असतेच, आणि त्यांच्यासाठी ताट सुधारावेच लागते.

वातरक्त

इंदूरच्या मराठी घरांत पथ्याची चौथी परंपराही जिवंत आहे आणि तिला बाजूला ठेवून हा आढावा पुरा होणार नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला एकोणतिसावा अध्याय वातरक्ताचा आहे. हाता-पायांपासून सुरू होऊन इतर सांध्यांत पसरणारा, ठणकणारा, रंग पालटणारा असे त्याचे वर्णन गाउटशी बरेच जुळते. दोन्ही एकच आहेत असे मात्र काटेकोरपणे म्हणता येत नाही.

त्यात सांगितलेली कारणे आज वाचताना थबकायला होते. खारट, आंबट, तिखट व स्निग्ध खाणे, जलचर आणि पाणथळीतल्या प्राण्यांचे मांस, मुळा, कुळीथ, उडीद, पावटे, ऊस, दही, ताक, मद्य, अपचन असताना जेवणे, दिवसा झोपणे, रात्री जागणे. सुकुमार, गोडधोड खाणारी आणि चालणे-फिरणे नसलेली माणसे याला बळी पडतात असेही म्हटले आहे. मद्य, मांस, ऊस आणि बैठे जीवन यांवर चरक आणि हार्वर्ड यांचे एकमत आहे.

पथ्याची बाजू त्याहून महत्त्वाची. जव, गहू, जुना तांदूळ, दूध आणि त्याबरोबर तूर, हरभरा, मूग, मसूर, मटकी यांचे तूप घातलेले कढण. चाकवत, मायाळू या पालेभाज्याही पथ्यात आहेत. सरसकट डाळबंदी चरकाने सांगितलेली नाही. उडीद, कुळीथ आणि पावटे वेगळे काढून बाकी डाळी त्याने रुग्णाच्या ताटात ठेवल्या आहेत.

मतभेद आहे तो दही-ताकावर. आधुनिक पाहण्या कमी स्निग्धांशाच्या दह्याला चांगले म्हणतात, चरक त्याला कारणांत धरतो. याचा निकाल लावणारी चाचणी माझ्या पाहण्यात नाही. आंबट न झालेले, साय काढलेल्या दुधाचे ताजे ताक घेऊन पाहावे आणि दुखणाऱ्याने स्वतःच्या शरीराचे ऐकावे, एवढेच सुचवता येते.

गुळवेल आणि कैशोर गुग्गुळ ही वातरक्तात दिली जाणारी प्रसिद्ध औषधे. गुळवेलीच्या बाबतीत २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद तिथेच आहे. वैद्याच्या देखरेखीखाली घेणे आणि बाजारातून आणलेला रस स्वतःच्या मनाने महिनोन्महिने पिणे यांत फरक करावा, इतके तरी दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

इंदूरचे ताट

आता स्वयंपाकघरात येऊ. होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या मराठी माणसाने इथे स्वतःचे वरण-भात आणि पोहे जपले, आणि माळव्याचे दाल-बाफले, गराडू, भुट्ट्याचा कीस, शेव, जिरावन आपलेसे केले. यातले गाउटच्या रुग्णासाठी काय चांगले आणि काय नाही, हे वरच्या चार मतांच्या उजेडात बरेच ठरवता येते.

पोह्यांपासूनच सुरुवात करू. पोहे तांदळाचे, प्युरीन कमी. कांदा, मटार, लिंबू, कोथिंबीर यांनी काही बिघडत नाही. उसळ-पोह्यांतली हरभऱ्याची उसळ वाटीभर असेल तर तीही चालते. अडचण वर मूठभर पडणारी तळलेली खारट शेव आणि शेजारची जिलबी यांची आहे. दुखणे असलेल्याने पोहे ठेवावेत, शेव चिमूटभर करावी आणि जिलबी सणासुदीला एखाद्या वळशावर आणावी. गुळाने सुटका होत नाही. गूळही मुख्यतः साखरच. मध, उसाचा रस आणि डब्यातला फळांचा रस यांनाही हेच लागू. पेरू, संत्रे, पपई ही फळे चावून खावीत. त्यांतला चोथा पोटात जातो आणि साखर एकदम अंगावर येत नाही.

भुट्ट्याचा कीस हा इंदूरचा पदार्थ गाउटसाठी जणू बेतून केला आहे. किसलेला मका दुधात शिजवायचा, जिरे-हिरवी मिरची-हिंगाची फोडणी, वर लिंबू आणि कोथिंबीर. मक्यात प्युरीन थोडे, दुधात नाहीच. घरी करताना तूप चमचाभर ठेवावे, साय काढलेले दूध घ्यावे, साखर वगळावी. सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाद्यफेरीत हाच कीस तुपात थबथबलेला मिळतो. तिथल्या शिकंजीतही दूध आटवलेले आणि साखर भरपूर असते. गराडू तळण्याऐवजी उकडून, तव्यावर थोड्या तेलात परतून त्यावर जिरावन भुरभुरले तर चव राहते.

दाल-बाफल्यांतली डाळ निर्दोष आहे. बाफले तुपात बुडवलेले असतात आणि ते खाल्ल्यावर दुपारभर झोप येते, हा प्रश्न वजनाचा आहे. बाफला तुपात न बुडवता वरून चमचाभर तूप आणि वाटीत डाळ जास्त, असा क्रम उलटवला तर महिन्यातून एकदा हे जेवण होऊ शकते.

वरणाबद्दल आता बोलता येईल. एका माणसाच्या वाट्याला एका जेवणात कच्ची डाळ तीस ग्रॅमच्या आसपास येते. कडधान्यांत प्युरीन जास्त असलेले सोयाबीन जरी धरले, शंभर ग्रॅमला सुमारे १७० मिलिग्रॅम, तरी तीस ग्रॅमचे पन्नासच होतात. चारशेच्या जपानी मर्यादेपुढे हे फार नाही. तूर-मुगाचे वरण, आमटी, मटकीची उसळ, मुगाची खिचडी यांना घरात परत जागा द्यावी. पालकाची ताकातली पातळ भाजी, फ्लॉवर-बटाटा, गिलकी, दुधी, दोडका, सारे चालते. टोमॅटोची गोष्ट थोडी वेगळी. न्यूझीलंडमधल्या गाउटच्या रुग्णांच्या पाहणीत, कुठल्या तरी पदार्थाने दुखणे उसळते असे सांगणाऱ्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाने टोमॅटोचे नाव घेतले. ज्याला तसे वाटते त्याने आमटीत टोमॅटोऐवजी कोकम वा चिंच घालावी. इतरांनी बिया काढत बसू नये.

सोयाबीनबद्दल इंदूरने विशेष बोलायला हवे. माळवा हा देशातला सोयाबीनचा मोठा पट्टा आणि सोयाबीनवरची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून इथेच, खंडवा रस्त्यावर आहे. तरीही गाउट झालेल्याला पहिला सल्ला मिळतो तो सोयाबीन सोडा असा. सिंगापूरची पाहणी याच्या उलट बोलते. सोया खाल्ल्यावर थोडा वेळ युरिक ॲसिड किंचित वाढते, दीर्घकाळात धोका वाढलेला दिसत नाही. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, कुकरमध्ये चांगले शिजवलेले सोयाबीन गव्हाच्या पिठात वाटून घालता येते. सोया पनीरची भुर्जी होते. सोयाबीन तेलाची भीती तर सोडूनच द्यावी, तेलात प्युरीन नसते.

मांसाहारी घरांचा स्वयंपाक मात्र खरोखर बदलावा लागतो. मटण आठवड्यातून एकदा, तेही थोडे. प्युरीन पाण्यात उतरते, म्हणून मटण आधी उकडून ते पाणी टाकून द्यावे आणि मग वाटणात परतावे. आपल्याकडे नेमका तोच अळणी रस्सा आजाऱ्याला सूप म्हणून देतात. सांधे दुखतात म्हणून पाया उकळून पाजण्याची रीतही आहे. गाउटमध्ये हे दोन्ही टाळावे. कलेजी, गुर्दा, सुके मासे, कोळंबी यांना यादीने फार पूर्वी बाहेर काढले, आणि या बाबतीत यादी बरोबर आहे. अंडे निर्धोक.

मद्याचा विषय थोडक्यात. बिअर सर्वांत वाईट. वाइन चालते असा एक निष्कर्ष निघाला होता, पण ज्यांना गाउट आधीच आहे त्यांच्यात वाइननेही दुखणे उसळल्याचे नंतर दिसले.

उपवास हा या साऱ्यात दुर्लक्षित राहिलेला मुद्दा. दिवसभर काही न खाल्ल्यास शरीर चरबी जाळते, त्यातून तयार होणारी आम्ले मूत्रपिंडातली वाट अडवतात आणि युरिक ॲसिड साचते. हरतालिकेचा निर्जळी उपवास किंवा झटपट वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार, दोन्हींनी गाउट उसळू शकतो. एकादशी करायची असेल तर पाणी, दूध, ताक, फळे घेत करावी. मे महिन्याच्या माळवी उन्हात पाणी कमी पडणे हेही दुखण्याचे निमित्त होते. पाणी, बिनसाखरेचे लिंबूपाणी, साधे दूध, कमी साखरेची कॉफी यांनी दिवस भरून काढता येतो.

जे अजून ठरायचे आहे

ज्या पाहण्यांवर हे सगळे उभे आहे त्या अमेरिकी पुरुषांच्या, सिंगापूरच्या चिनी लोकांच्या. वरण, भात, पोळी आणि ताक रोज दोन वेळा खाणाऱ्या माणसांवर तसा दीर्घ अभ्यास उभा राहिलेला नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत गाउट वाढतो, पण आहाराचे बहुतेक पुरावे पुरुषांचे आहेत. प्युरीनचे तक्ते बहुधा कच्च्या अन्नाचे. भिजवून, मोड आणून, शिजवून, फोडणी दिल्यावर मटकीत किती उरते हे त्यांतून कळत नाही. दही-ताकावर चरक आणि आधुनिक पाहण्या यांतला फरक तसाच उभा आहे. औषधाने आकडा सहाच्या खाली आल्यावर पथ्याची गरज किती उरते, यावरही पुरेशा चाचण्या नाहीत, आणि हा प्रश्न रुग्ण सर्वांत आधी विचारतो.

इतके मात्र नक्की म्हणता येते. गाउट झाला असेल तर केवळ ताट बदलून आकडा लक्ष्याला पोचणे अवघड आहे, औषध लागेल. ते सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत दुखणे उसळू शकते म्हणून ते सोडू नये. अंगावर पुरळ आले तर मात्र लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. गाउट झालेलाच नसेल आणि फक्त तपासणीतला आकडा वाढला असेल तर डाळ सोडण्याला आधार नाही. साखर, मद्य आणि वजन यांकडे पाहावे.

इंदूरमध्ये महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि सोयाबीन संशोधन संस्थाही आहे. तिघांनी मिळून शंभर-दोनशे रुग्णांना सहा महिने डाळ-भात-पोळी-ताकाच्या मोजलेल्या ताटावर ठेवून युरिक ॲसिड तपासले, तर चार मतांतला निम्मा गोंधळ मिटेल. त्यासाठी फार मोठा पैसा लागणार नाही. हे काम या शहराने हाती घ्यावे, आणि त्यात नाव नोंदवायला मराठी घरांनी पुढे यावे.